‘होल्ड ऑन’ की ‘होल्ड ऑफ’? इंग्रजीतला छोटा शब्द मोठा घोळ कसा घालतो

पहिल्या नोकरीतला चौथा महिना. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एक आयटी कंपनी, रात्रीचे साडेनऊ आणि कॉलवर परदेशातला क्लायंट. नव्या बदलांसह सॉफ्टवेअर त्या रात्री चालू करायचं होतं, त्याला आमच्या भाषेत रिलीज म्हणतात. क्लायंट म्हणाला, ‘होल्ड ऑफ ऑन द रिलीज.’ मी म्हटलं, ‘ओके.’

‘होल्ड’ मला कळलं होतं. कस्टमर केअरला फोन लावला की ‘प्लीज होल्ड ऑन’ ऐकू येतंच. म्हणजे जरा थांबा. म्हणून मी थांबले. चांगली पंधरा मिनिटं थांबले, खाली जाऊन कटिंग घेऊन आले आणि मग रिलीज करून टाकलं.

‘होल्ड ऑन’ म्हणजे क्षणभर थांबा. ‘होल्ड ऑफ’ म्हणजे तूर्तास करूच नका, पुढचं मी सांगेन तेव्हा. या दोन्हींत फरक होता फक्त ‘न’ आणि ‘फ’चा. त्यानंतर रात्री दोनपर्यंत आम्ही जे केलं त्याला रोलबॅक म्हणतात. तोही याच कुळातला शब्द, पण तेव्हा मला व्याकरण सुचण्याच्या मनःस्थितीत कोणी ठेवलं नव्हतं.

मी इंजिनीअर आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते, त्या सुरुवातीच्या तुकड्यांपैकी मी एक. व्याकरणात मार्क चांगले. ‘पोस्टपोन’ म्हणजे काय हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. क्लायंट ‘पोस्टपोन’ म्हणाला असता तर ती रात्र वाचली असती. तो तसं म्हणाला नाही, कारण बोलताना बहुतेक इंग्रज किंवा अमेरिकन माणूस तसं म्हणत नाही.

हे प्रकरण नेमकं काय?

इंग्रजीत साधी, रोजची क्रियापदं घ्यायची: गेट, पुट, टेक, कॉल, टर्न, लुक, होल्ड. त्यांच्यामागे एखादा छोटा शब्द जोडायचा: अप, डाउन, इन, आउट, ऑन, ऑफ, ओव्हर. जोडी झाली की तिचा अर्थ अनेकदा दोघांपैकी कोणाचाच राहत नाही. ‘पुट’ म्हणजे ठेवणे. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट आउट’ म्हणजे आग विझवणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. याला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. हे नाव 1925 मध्ये लोगन पिअरसल स्मिथ यांच्या पुस्तकातून रुळलं, पण डोकेदुखी त्याहून जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 मध्ये आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवलं होतं की परकीयांना इंग्रजीत सर्वांत जड जाते ती हीच गोष्ट. पावणेतीनशे वर्षांपूर्वीची ही कबुली आहे, त्यामुळे आपल्याला ते जमत नाही याची फार लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

तर्कानेही ते फारसं सुटत नाही. फॉर्म भरणे या एका क्रियेला ब्रिटिश माणूस ‘फिल इन’ म्हणतो, अमेरिकन ‘फिल आउट’ म्हणतो आणि आपण ‘फिल अप’ म्हणतो. आत, बाहेर आणि वर, तिन्ही दिशा झाल्या आणि फॉर्म एकच. गजराचं उदाहरण तर खास. दिवे ‘गो ऑफ’ झाले म्हणजे गेले. पण अलार्म ‘वेंट ऑफ’ म्हणजे बंद पडला नाही, वाजला! फायर अलार्मबाबत हा घोटाळा परवडणारा नाही.

पण मराठीत तरी वेगळं काय आहे? फटाका उडाला म्हणजे वाजला आणि फ्यूज उडाला म्हणजे अंधार झाला. आपण दोन्ही वाक्यं एकाच दिवाळीत बोलतो आणि कोणीही गोंधळत नाही.

आपल्याकडे हे आधीपासून आहे

मला या विषयावर लिहावंसं वाटलं ते यासाठीच. फ्रेजल व्हर्ब ही काहीतरी परकी, साहेबी भानगड आहे असं आपल्याला शिकवलं जातं. प्रत्यक्षात मराठी माणूस दिवसभर तेच करत असतो.

वर्तमानपत्राचे मथळेच पाहा. परीक्षा पुढे ढकलल्या. उपोषण मागे घेतले. प्रस्ताव बाजूला सारला. अर्धं वाक्य तर इंग्रजीशी शब्दाला शब्द जुळतं: मागे पडणे म्हणजे ‘फॉल बिहाइंड’, बाजूला ठेवणे म्हणजे ‘सेट असाइड’. ‘परीक्षा पुढे ढकलली’ म्हणताना कोणी परीक्षेला हात लावून ढकलत नाही. ‘उपोषण मागे घेतलं’ यात कोणी काही हातात घेत नाही. ‘त्याला आत टाकला’ म्हणजे कुठे, हे सांगावं लागत नाही. ‘आजोबा वर गेले’ हे वाक्य गच्चीबद्दल आहे की नाही, ते सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं. पुढे, मागे, आत, वर, बाजूला या आपल्या छोट्या शब्दांनी मोठ्या क्रियापदांचे अर्थ कधीच पळवून नेले आहेत.

आणि ही जोडी तुटतेही. ‘परीक्षा पुढे आणखी दोन आठवडे ढकलली’ असं आपण मधे शब्द घालून म्हणतो. इंग्रजीतही तेच होतं: ‘टर्न ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं. फक्त पंख्याऐवजी ‘इट’ आलं की ते मधेच बसवावं लागतं. ‘टर्न इट ऑफ’ बरोबर, ‘टर्न ऑफ इट’ चूक. एवढा एक नियम मात्र पाठच करा, तो सहसा दगा देत नाही.

याहून जवळचा नातेवाईक म्हणजे आपलं संयुक्त क्रियापद. ‘सांग’ हे एकच क्रियापद घ्या. सांगून टाक म्हणजे एकदाचं मोकळं हो. सांगून ठेव म्हणजे पुढे लागेल म्हणून आधीच कानावर घाल. सांगून बसला म्हणजे नको ते सांगितलं आणि आता निस्तरा. सांगून पाहिलं म्हणजे ऐकलं नाही. सांगत सुटला म्हणजे त्याला कोणीतरी आवरा. यात टाकणे, ठेवणे, बसणे, पाहणे, सुटणे यांचा मूळ अर्थ कुठेच नाही. कोणी काही टाकलेलं नाही आणि कोणी खाली बसलेलं नाही. तरी पाच वर्षांचं पोरही ‘खाऊन टाक’ आणि ‘खाऊन ठेव’ यांत गल्लत करत नाही.

इंग्रजीतला ‘अप’ पुष्कळदा आपल्या ‘टाक’चंच काम करतो. ‘ईट’ म्हणजे खा, ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ताटात ठेवू नकोस. ‘यूज’ म्हणजे वापर, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव. ‘ऑन’ पुष्कळदा आपल्या ‘राहा’सारखा वागतो: ‘कॅरी ऑन’, करत राहा, ‘रीड ऑन’, वाचत राहा. ‘ऑफ’मध्ये तोडून वेगळं करण्याचा भाव असतो. विमान जमिनीपासून सुटतं ते ‘टेक ऑफ’, पुरवठा तुटतो तो ‘कट ऑफ’, कंपनी माणसाला तोडते ते ‘ले ऑफ’. माझा तो ‘होल्ड ऑफ’ही यातलाच, कामापासून हात लांब ठेव असं सांगणारा. सगळी उदाहरणं यात बसत नाहीत, गजराचं बसत नाहीच. पण यादी घोकण्यापेक्षा हा धागा हाताशी असणं बरं.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना तर हे नवं वाटायलाच नको. हृ या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार हे शब्द आपल्याला घोकायला लावले होते. जेवणापासून कत्तलीपर्यंतचा प्रवास एका उपसर्गाच्या बदलाने होतो. संस्कृतात तो छोटा तुकडा पुढे लागतो, इंग्रजीत मागे लागतो. हे शिकवणारे सर आणि शेजारच्या वर्गात ‘फ्रेजल व्हर्ब्ज, लर्न बाय हार्ट’ म्हणणाऱ्या मॅडम यांची स्टाफरूममध्ये कधी गाठ कशी पडली नाही, हे मला आजही कळत नाही.

उलट बाजूने पाहायचं असेल तर मराठी शिकणाऱ्या परप्रांतीय सहकाऱ्याला ‘लाव’ समजावून सांगा. मी प्रयत्न केला आहे. टीव्ही लाव म्हणजे चालू कर. दार लाव म्हणजे बंद कर. शिवाय गजर लाव, फोन लाव, तेल लाव, टिकली लाव, झाड लाव, वशिला लाव. तो दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, आमची भाषा बरी आहे.

मग आपण अडकतो कुठे?

माझ्या मते दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण म्हणजे आपण शिकलेल्या इंग्रजीची जात. आपल्याकडे इंग्रजी आली ती कचेरी, कोर्ट आणि पाठ्यपुस्तकातून. आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरवली. एक मराठी वाक्य, त्याचं एक इंग्रजी वाक्य. त्या शिस्तीने पिढ्याच्या पिढ्या इंग्रजी लिहायला शिकल्या, हे उपकार मोठे. पण त्या वाटेने हाती लागतात ते भारदस्त, एकशब्दी शब्द: टॉलरेट, एक्स्टिंग्विश, इन्व्हेस्टिगेट, कॅन्सल. बोलणारा इंग्रज मात्र ‘पुट अप विथ’, ‘पुट आउट’, ‘लुक इन्टू’, ‘कॉल ऑफ’ म्हणतो. म्हणजे एखाद्याला मराठी शिकवताना फक्त ‘स्थगित करणे’, ‘निष्कासित करणे’ शिकवायचं आणि मग थेट एपीएमसीच्या भाजी मार्केटात सोडायचं. त्याला व्याकरण येईल, पण ‘गाडी बाजूला घे’ कळणार नाही.

आपल्याला ‘ब्रिंग फॉरवर्ड’ सुचलं नाही म्हणून ‘पोस्टपोन’च्या उलट ‘प्रीपोन’ वापरात आणला, हे याच सवयीचं सुंदर उदाहरण. मला तो शब्द मनापासून आवडतो. आता तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही पोचला आहे.

दुसरं ठिकाण म्हणजे कान. याबद्दल कोणीच बोलत नाही. ‘लुक ॲट’ म्हणताना जोर ‘लुक’वर असतो, ‘ॲट’ जवळजवळ गिळला जातो. पण ‘कॉल ऑफ’, ‘होल्ड ऑफ’, ‘पुट ऑफ’ यांत जोर सहसा मागच्या छोट्या शब्दावर येतो. आपण मात्र क्रियापद पकडतो आणि शेपूट सोडून देतो, कारण शाळेत क्रियापदाखाली रेघ मारायला शिकवलेलं असतं. त्या रात्री क्लायंटने ‘ऑफ’वर जोर दिला असणार. मी ‘होल्ड’ ऐकून समाधानी झाले होते.

वाशी स्टेशनपासून सेक्टर 17 पर्यंत चालत गेलात तर स्पोकन इंग्लिशच्या पाट्या मोजता येतील. अशाच एका क्लासची पीडीएफ माझ्या चुलतभावाने मला पाठवली. त्यात शेकडो फ्रेजल व्हर्ब अकारविल्हे, समोर एकेक अर्थ. ‘टेक ऑफ’समोर ‘उड्डाण करणे’. मग पुढे कोणी त्याला ‘टेक ऑफ युअर शूज’ म्हटलं तर? एका जोडीला तीन-चार अर्थ असतात आणि ते वाक्याबाहेर जगत नाहीत. ‘काढणे’ म्हणजे काय, हे यादीत कसं लिहिणार? आपण तिकीट काढतो, फोटो काढतो, चप्पल काढतो, झोप काढतो आणि कोणाची तरी खोडीही काढतो. पाचशेची यादी घोकण्यापेक्षा रोज एका मालिकेतली पाच वाक्यं ऐकून, ती आपण मराठीत कशी बोलू ते लिहून काढणं जास्त कामाचं आहे. मी ‘होल्ड ऑफ’नंतर ते सुरू केलं. भाषांतराच्या वहीला शेवटी तर्खडकरांकडेच जावं लागलं, फक्त वाक्यं बदलली.

सगळ्या चुका सारख्या नसतात

आता जरा चिडून लिहिते. सोशल मीडियावर ‘भारतीय लोक करतात त्या 10 चुका’ छापाच्या रील्स फिरत असतात. ‘डिस्कस अबाउट’ म्हणू नका, ‘कोप अप विथ’ म्हणू नका, ‘रिव्हर्ट बॅक’ म्हणू नका. ठीक आहे, म्हणू नका. पण या चुका येतात कुठून हे कोणी सांगत नाही. आपण एखाद्या विषयावर किंवा विषयाबद्दल चर्चा करतो, म्हणून ‘अबाउट’ येतो. तो माझ्यावर रागावला, म्हणून ‘अँग्री ऑन मी’. तिने त्याच्याशी लग्न केलं, म्हणून ‘मॅरीड विथ’. मराठीचा प्रत्यय इंग्रजी कपडे घालून बाहेर पडतो. यात ऐकणाऱ्याचा अर्थ बदलत नाही. ‘अँग्री ऑन मी’ ऐकून कोणाला उलटं काही कळल्याचं मी पाहिलेलं नाही.

काही ‘चुका’ तर चुका नाहीतच. ‘मी 2019 ला पास आउट झाले’ यावर हसण्याची पद्धत आहे, कारण इंग्लंड-अमेरिकेत ‘पास आउट’ म्हणजे बेशुद्ध पडणे. पण खडकवासल्याला एनडीएचं ‘पासिंग आउट परेड’ होतं, तिथे कोणी बेशुद्ध पडायला जात नाही. प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणे हा ब्रिटिश लष्करातलाच अर्थ आहे. आपण तो कॉलेजला लावला. परदेशी कंपनीला अर्ज करताना ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा आणि वाशीत खुशाल पास आउट व्हा.

खरी काळजी करायची ती वेगळ्या चुकांची, जिथे छोटा शब्द बदलला की निर्णयच उलटा होतो. आयटी सोडून मी बातमीदारीत आले तेव्हा वाटलं होतं की सुटले. डिजिटल डेस्कवर बसल्यावर कळलं की इथे तर ते रोजचं आहे. वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी येते, दोन मिनिटांत तिची मराठी ओळ करून लाखो फोनवर नोटिफिकेशन पाठवायचं असतं. एकदा बंदची बातमी होती. घाईत मी ‘कॉल्ड’ आणि ‘बंद’ एवढंच वाचलं आणि बंदची हाक दिल्याची ओळ टाइप केली. मूळ कॉपीत ‘कॉल्ड ऑफ’ होतं. ‘कॉल्ड फॉर’ असतं तर हाक दिली, ‘कॉल्ड ऑफ’ म्हणजे मागे घेतला. बटण दाबण्याआधी शेजारच्या सीनियरने स्क्रीनकडे पाहून नुसतं ‘ऑफ, ऑफ’ म्हटलं. तेवढ्यावर निभावलं. नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणीतरी विनाकारण दुकान उघडलं नसतं, एखाद्याने परीक्षेला जायचं टाळलं असतं.

रोजच्या मराठीत तर हे शब्द आपण कधीच आत घेतले आहेत. मोरबेच्या जलवाहिनीचं काम निघालं की पालिका ‘शटडाऊन’ची सूचना काढते आणि नवी मुंबईतली प्रत्येक गृहिणी त्या दिवशी पहाटेच पाणी भरून ठेवते. अकरावीचा ‘कटऑफ’, डॉक्टरांचं ‘चेकअप’, मार्केटातला माल नेणारा ‘पिकअप’, मित्राचं ‘ब्रेकअप’. फोन ‘स्विच ऑफ’ येतोय हे गावाकडची आजीसुद्धा म्हणते. कारण हे शब्द यादीतून आलेले नाहीत, पाणी जाणं आणि फोन न लागणं यांच्याबरोबर आलेले आहेत.

‘ऑप्ट आउट’ म्हणजे बाद?

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. आई एका ॲपवरून बिल भरत होती. तिने फोन माझ्यासमोर धरला. ‘अगं, हे ऑप्ट आउट म्हणजे मला बाद करणार का?’

मी हसणार होते. पण तिचा विचार चुकीचा नव्हता. ‘आउट’ हा शब्द आपल्या घरांत आला तो क्रिकेटमधून, आणि क्रिकेटमध्ये आउट म्हणजे बाद. ‘ऑप्ट आउट केलं तर खातं बंद होईल’ असं वाटून तिने मागच्या तीन महिन्यांत तो चौकोन कधी हातच लावला नव्हता. त्यामुळे दरमहा 49 रुपयांची कुठलीशी सुरक्षा योजना बिलाबरोबर कापली जात होती. आधीच टिक केलेला चौकोन आणि खाली बारीक अक्षरांत ‘ऑप्ट आउट’. ‘ऑप्ट इन’ म्हणजे हवं म्हणून सामील होणे. ‘ऑप्ट आउट’ म्हणजे नको म्हणून बाहेर पडणे. निवड तिची होती, पण ती ज्या छोट्या शब्दावर टांगलेली होती तो तिला कोणी शिकवलेला नव्हता.

ही फक्त माझ्या आईची अडचण असती तर ती घरातच मिटली असती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. ग्राहकाला फसवून निवड करायला लावणारे 13 प्रकार त्यात नोंदवले आहेत. त्यातला एक म्हणजे फसवा प्रश्न, आणि त्याचं जे उदाहरण दिलं आहे त्याच्या मुळाशी ‘ऑप्ट आउट’च आहे. प्रश्न विचारायचा की जाहिराती मिळण्यातून तुम्हाला कायमचं ‘ऑप्ट आउट’ व्हायचं आहे का, आणि उत्तरात पर्याय असे द्यायचे की ‘हो’ म्हणणारा माणूस जाहिरातींना होकार देऊन बसतो. इंग्रजी मातृभाषा असणारासुद्धा तिथे दोनदा वाचेल. मराठी माध्यमातून शिकलेल्या, साठीकडे झुकलेल्या ग्राहकाचं काय होणार?

डेटाच्या संमतीबाबत कायदा एक पाऊल पुढे गेला आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार, संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. मराठी त्यात आहेच. दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, असंही कायदा म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांना बहुतेक तरतुदींसाठी 18 महिन्यांची मुदत मिळाली आहे.

या मुदतीत कंपन्यांनी भाषांतराचं काम नुसतं यंत्रावर सोडू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. ‘ऑप्ट आउट’ला मराठीत शब्द शोधायला समिती नेमायची गरज नाही. ‘मला हे नको’ एवढे तीन शब्द पुरतात. किंवा ‘यातून बाहेर पडा’. किंवा आपला रोजचा ‘मागे घ्या’. आपल्या भाषेत ही जोडी तयार आहे, ती बटणावर छापायची आहे. इंग्रजी शिकणं ही माझी जबाबदारी आहे, ती मी घेईन. पण स्वतःच्या खात्यातले 49 रुपये वाचवण्यासाठी आईने साठाव्या वर्षी फ्रेजल व्हर्ब शिकावेत, हे मला मान्य नाही.

त्या दिवशी मी तिच्या ॲपची भाषा बदलून मराठी केली. स्क्रीन क्षणभर पांढरी झाली आणि सगळं देवनागरीत आलं. आईने चष्मा वर सरकवून त्या चौकोनाशेजारची ओळ मोठ्याने वाचली: ‘ऑप्ट आउट करण्यासाठी येथे टॅप करा.’

‘हे तर तेच की गं,’ ती म्हणाली.